ऐतिहासिक वाड्यांचे व गढ्यांचे उत्खनन

ऐतिहासिक काळातील सरदार, जहागीरदार, देशमुख, सावकार इत्यादींच्या नष्ट झालेल्या किंवा पडीक निवासस्थानांचे पुरातत्त्वीय पद्धतीने केलेले उत्खनन. पुरातत्त्वविद्या म्हटली म्हणजे सामान्यतः सिंधुसंस्कृतीची नगरे, बौद्ध स्तूप किंवा ताम्रपाषाणयुगीन वसाहती डोळ्यांसमोर येतात. दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या घराविषयी कागदपत्रे उपलब्ध असताना ते उकरण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न पूर्वी अभ्यासकही विचारीत असत. तथापि घर कोणी बांधले आणि त्यावर किती खर्च झाला, हे दप्तर सांगते. त्या घरात चूल कोठे होती, सांडपाणी कोठून वाहत होते, चाकरमाणसे कोठे निजत आणि मालकाच्या ताटात काय वाढले जाई, हे बहुधा जमीनच सांगते. अशा वास्तूंच्या उत्खननास जे महत्त्व प्राप्त झाले आहे, ते मुख्यतः यामुळे.

इंग्लंडमध्ये जमीनदार घराण्यांची खेड्यापाड्यांतील मोठी निवासस्थाने ‘कंट्री हाउस’ या नावाने ओळखली जातात. सभोवती बाग, तबेले, कुळांची शेते आणि जवळच गाव, अशी त्यांची रचना असे. महाराष्ट्रात या संस्थेशी जुळणारी वास्तू म्हणजे शहरातील वाडा नव्हे, तर गावातील गढी होय. खानदेश, वऱ्हाड व मराठवाडा या प्रदेशांत गढ्या विशेष आढळतात. दोहोंतील फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्लंडमधील जमीनदाराने तटबंदी टाकून दिली आणि घराला मोठमोठ्या खिडक्या पाडल्या. खानदेशातील देशमुखाला मात्र एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत बुरुज व देवडी यांवाचून राहणे शक्य नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि विशेषतः १८०३ च्या सुमारास या प्रदेशाची लुटालूट व दुष्काळ यांमुळे जी दैना झाली, ती पाहता यात नवल वाटण्याचे कारण नाही.

गढी व पांढरी : मराठी मुलखात गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानले जातात. काळी म्हणजे पिकाची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शतकानुशतके मातीची घरे पडून त्यांवर नवी घरे उभी राहिली, चुलींची राख आणि गुरांचे शेण त्यांत मिसळत गेले आणि त्यातून ही पांढुरकी माती तयार झाली. म्हणूनच ज्या टेकाडाला गावकरी पांढर किंवा पांढरीचे टेकाड म्हणतात, तेथे प्राचीन वसाहतीचे अवशेष हमखास मिळतात. गढी बांधणाऱ्याला उंच जागा हवी असे व ती गावात बहुधा पांढरीवरच मिळे. भिंतींसाठी चिवट मातीही तेथेच उपलब्ध होई. परिणामी अनेक गढ्यांच्या भिंतींत जुन्या काळची खापरे, शंखांच्या बांगड्यांचे तुकडे व मणी मातीबरोबर थापले गेलेले दिसतात. भिंतीत सापडलेल्या खापरावरून भिंतीचा काळ ठरवू पाहणारा नवशिका अभ्यासक येथे हटकून फसतो. खापर सातवाहनकालीन व भिंत पेशवेकालीन, असा हा प्रकार असतो.

गढीची सर्वसाधारण रचना पुढीलप्रमाणे असे : खाली दगडी जोते किंवा दगडी बांधणीचा तट, त्यावर तळाशी रुंद व वर निमुळती होत गेलेली पांढऱ्या मातीची भिंत, कोपऱ्यांवर बुरुज आणि एकच मोठा दरवाजा. दरवाजाच्या फळीत दिंडी व आतल्या बाजूस पहारेकऱ्यांच्या देवड्या असत. आत चौक, त्याभोवती ओसरी व सोपा, मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, धान्याच्या कोठ्या, आड आणि घोड्यांची पागा. भिंतीच्या पोकळीतील बळद व जमिनीखालील पेव यांत धान्य साठवीत. खानदेशात छप्पर बहुतेक धाब्याचे असे. म्हणजे लाकडी तुळया व किलचांवर मातीचा जाड थर देऊन ते सपाट केलेले असे. उत्खनकाच्या दृष्टीने धाब्याचे घर हे एक वरदान आहे. आग लागून किंवा वाशांना वाळवी लागून ते खाली बसले, की छपराची सारी माती जमिनीवर एका थरात पसरते आणि त्या क्षणी घरात जे जेथे होते, ते तेथेच झाकले जाते. कौलारू घराच्या बाबतीत असे घडत नाही. कौले व लाकूड लोक उचलून नेतात आणि जमीन उघडी पडते.

शनिवारवाडा : महाराष्ट्रात ऐतिहासिक निवासस्थानाचे अवशेष जमिनीखालून उघडे करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याची पायाभरणी केली व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. या मूळ वाड्यास १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. पुढे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबाच्या कारकीर्दीत तट व नऊ बुरुज पुरे झाले, कात्रजहून नळ घालून पाणी आणण्यात आले आणि गणेश महालासारख्या इमारतींची भर पडली. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. दिल्ली, मस्तानी अथवा अलीबहादूर, खिडकी, गणेश व जांभूळ किंवा नारायण अशा पाच दरवाजांपैकी उत्तरेकडील दिल्ली दरवाजा हा मुख्य होय. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून याच वाड्यात झाला आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अंतही येथूनच पडून ओढवला.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. त्यानंतर तुरुंग, रुग्णालय व वेड्यांचे इस्पितळ अशा कामांसाठी त्याचा वापर झाला. आगी तर पूर्वीही लागल्या होत्या (१७९१ मधील आग मोठी होती). परंतु फेब्रुवारी १८२८ मधील आगीने आतील सर्व लाकडी इमारती भस्मसात केल्या व तट, दरवाजे आणि नगारखाना एवढेच उरले. नंतरच्या नव्वद वर्षांत आतील मोकळ्या जागेत सरकारी कचेऱ्या आल्या. लॉर्ड कर्झनच्या पुढाकाराने झालेल्या १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण अधिनियमाखाली १९१९ मध्ये वाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला आणि पुढे १९२३ पर्यंत आतील जागा उकरून इमारतींची जोती उघडी करण्यात आली. आज तेथे चौक, दिवाणखाने, कारंजी व पाण्याचे पाट यांचे जे आराखडे जमिनीलगत दिसतात, ते या कामाचे फळ होय. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे त्यांत विशेष लक्ष वेधून घेते.

या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. त्यावाचून वाड्याचा आराखडा केवळ कागदोपत्री राहिला असता व कदाचित त्या जागी दुसरीच एखादी इमारत उभी राहिली असती. परंतु त्या काळी उत्खननाचा हेतू जोती मोकळी करून लोकांस दाखविणे एवढाच असे. स्तरशः उत्खनन करण्याची शिस्त भारतात रूढ झाली ती मुख्यतः १९४४ नंतर, मॉर्टिमर व्हीलर पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाल्यावर. त्यापूर्वीच्या पद्धतीत जोत्यांवरील माती हा अडथळा मानला जाई व ती काढून टाकली जाई. शनिवारवाड्याच्या बाबतीत ही माती म्हणजे १८२८ च्या आगीचा थर होता, ही गोष्ट विसरता येत नाही. जळालेल्या तुळया, वितळलेली काच, खिळे, कड्या, कुलपे, फुटकी भांडी आणि त्यांच्याखाली तुरुंगाच्या व इस्पितळाच्या दहा वर्षांच्या वापराच्या खुणा, असा क्रम त्या थरात लावता आला असता. जोती टिकली, पण त्यांना अर्थ देणारा थर गेला. उत्खनन हे एकदाच वाचता येणारे पुस्तक आहे आणि वाचताना त्याचे पान फाटतेच. म्हणून वाचणाऱ्याने टिपण ठेवावयाचे असते.

असे असले तरी शनिवारवाड्याविषयी तीन प्रकारची साधने एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय आहे, ती इतरत्र क्वचितच आढळते. पहिले साधन पेशवे दप्तर. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. दुसरे साधन चित्रांचे. १७९० मध्ये पेशव्यांशी झालेल्या तहाच्या प्रसंगीचा दरबार जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगविला. त्यात सवाई माधवराव, नाना फडणीस व इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट दिसतात आणि त्यांच्यामागे नक्षीदार लाकडी खांबांची ओळही दिसते. तिसरे साधन म्हणजे जमिनीतील जोती व खांबांच्या दगडी तळखड्या. चित्रातील खांबांची ओळ वास्तवास धरून आहे की चित्रकाराने दिवाणखाना मोठा करून दाखविला आहे, याचा निवाडा तळखड्यांमधील अंतरावरून करता येतो. दरबारी चित्रकार व बखरकार या दोघांचीही अतिशयोक्ती जोत्यावर आणून उभी केली की तिचे माप निघते.

इंग्लंडमधील अनुभव : इंग्लंडमध्येही प्रारंभीचा इतिहास फारसा वेगळा नाही. हँपशरमधील बेसिंग हाउस हा मार्क्विस ऑफ विंचेस्टरचा प्रासाद यादवी युद्धात ऑक्टोबर १६४५ मध्ये क्रॉमवेलच्या फौजेने घेतला व तो जळाला. नंतर त्याचे दगड व विटा ज्याला हव्या त्याने न्याव्या, अशी मुभा देण्यात आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जागेच्या मालकाने तेथे जे खणकाम केले, ते आपल्याकडील १९१९ च्या कामासारखेच भिंती शोधणारे होते. विसाव्या शतकात त्याच जागी पुन्हा शास्त्रीय उत्खनन करावे लागले.

खऱ्या अर्थाने नवी दृष्टी आली ती १९५९ मध्ये, सरी परगण्यातील नॉनसच प्रासादाच्या उत्खननाने. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये बांधावयास घेतलेला हा प्रासाद १६८२-८३ च्या सुमारास पाडून त्याचे सामान विकण्यात आले होते व त्याची नेमकी जागाही लोक विसरले होते. मार्टिन बिडल याने शेकडो स्वयंसेवकांच्या साहाय्याने एका उन्हाळ्यात त्याचा आराखडा उघडा केला. प्रासादासाठी कडिंग्टन नावाचे खेडे उठविण्यात आले होते. त्या खेड्याच्या चर्चचा पाया प्रासादाच्या चौकाखाली मिळाला. पांढरीवर उभ्या असलेल्या आपल्याकडील गढ्यांची येथे आठवण होते. १९६० नंतरच्या दशकात मध्ययुगोत्तर पुरातत्त्व ही स्वतंत्र शाखा म्हणून तेथे मान्यता पावली. गेल्या शंभर वर्षांत इंग्लंडमधील एक हजाराहून अधिक कंट्री हाउसे पाडली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ मध्ये या विध्वंसावर भरविलेल्या प्रदर्शनाने तेथील लोकमत जागे केले.

या शाखेने विकसित केलेली काही तंत्रे उल्लेखनीय आहेत. दगड दुर्मीळ असल्याने पडक्या घराच्या पायातील चिरेसुद्धा लोक उपसून नेतात. परंतु चिरे काढल्यावर उरलेला चर मातीने भरतो व त्या मातीचा रंग वेगळा राहतो. कुशल उत्खनक त्या रंगावरून नसलेल्या भिंतीचाही आराखडा काढतो. कडक उन्हाळ्यात गाडलेल्या भिंतींवरील गवत आधी वाळते व जुन्या बागेतील वाटा विमानातून स्पष्ट दिसतात. मातीच्या धूम्रनलिकांचा आकार दर पिढीला बदलत गेल्यामुळे त्यांच्या तुकड्यांवरून थराचा काळ ठरविता येतो. आपल्याकडे हे काम काचेच्या बांगड्या, चिलमी, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी व नाणी यांच्याकडून करवून घ्यावे लागते. त्यांपैकी नाण्यांच्या बाबतीत सावधगिरी अवश्य आहे. तांब्याची शिवराई शिवकालानंतरही दीर्घकाळ पाडली जात होती आणि इंग्रजी अमदानीतही चलनात होती. तेव्हा एखाद्या थरात शिवराई मिळाली म्हणून तो थर शिवकालीन ठरत नाही, तो शिवकालाआधीचा नाही एवढेच ठरते.

भारतातील इतर उत्खनने : घर हे एकक धरून उत्खनन करण्याची परंपरा महाराष्ट्रात अपरिचित नाही, मात्र ती प्राचीन काळापुरती मर्यादित राहिली. कोल्हापूरजवळील ब्रह्मपुरी येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तत्पूर्वी तेथेच सातवाहनकालीन विटांच्या घरात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेच्या मूर्तीसह ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला होता. इनामगाव (जि. पुणे) येथे १९६८ ते १९८३ या काळात शंभराहून अधिक घरे उघडी झाली. त्यांतील पाच खोल्यांचे घर गावच्या प्रमुखाचे असावे, असे अनुमान त्याच्या आकारावरून व शेजारच्या धान्यकोठारावरून काढण्यात आले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या प्रमुखाच्या घराविषयी आपणास जेवढे ठाऊक आहे, तेवढे दोनशे वर्षांपूर्वीच्या देशमुखाच्या गढीविषयी नाही, ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे.

मध्ययुगीन निवासस्थानांच्या संदर्भात गुजरातमधील चांपानेर येथील काम मार्गदर्शक ठरले. महमूद बेगडाने १४८४ मध्ये जिंकून वसविलेले व १५३५ मध्ये हुमायूनने घेतल्यावर ओस पडत गेलेले हे नगर बडोदे विद्यापीठाचे र. ना. मेहता यांनी उकरले. त्यात एका अमिराचा वाडा, त्याची बाग व खेळत्या पाण्याचे पाट उजेडात आले. विजयानगर (हंपी) येथील सरदारवस्तीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघडी करण्यात आली. रायगडावरील राजवाडा मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत जळाला. २०१७ मध्ये रायगड विकास प्राधिकरण स्थापन झाल्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तेथील वाड्यांच्या अवशेषांकडे लक्ष दिले व जोत्यांवरील राडारोडा पद्धतशीरपणे काढण्यास आरंभ झाला.

खानदेश : तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांत प्राचीन वसाहतींची उत्खनने पुष्कळ झाली आहेत. गिरणेकाठच्या बहाळ (ता. चाळीसगाव) येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये व पुढे १९५६-५७ मध्ये, तर तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे (सध्या जि. नंदुरबार) येथे बा. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये उत्खनन केले. साक्री तालुक्यातील कावठे येथे सावळदा संस्कृतीच्या लोकांची जमिनीत खड्डे करून उभारलेली घरे मिळाली. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची असून तेथील लोक अर्धस्थिर जीवन जगत असावेत, असे उत्खनकांचे मत आहे. या सर्व ठिकाणी उत्खनकांचे लक्ष तळाच्या थरांकडे होते. वरचे मध्ययुगीन व मराठेशाहीतील थर लवकर ओलांडले गेले, हे त्या काळच्या संशोधनविषयांचा विचार करता स्वाभाविकच होते.

याच प्रदेशात पारोळे, अमळनेर, दोंडाईचे आदी ठिकाणी लहानमोठे किल्ले व गढ्या आहेत आणि तटांचे भग्नावशेष तर असंख्य खेड्यांत दिसतात. पारोळ्याचा भुईकोट १७२७ मध्ये बांधला गेल्याचे गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे. १८१८ नंतर देशमुख-देशपांड्यांचे वसुलीचे काम संपले, गढीवर शिबंदी ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही आणि १९५० च्या अधिनियमाने परगणे व कुलकर्णी वतनेही रद्द झाली. घराणी नोकरीव्यवसायानिमित्त धुळे, जळगाव, पुणे, मुंबई येथे गेली व गढ्या ओस पडल्या. ज्यांच्या नावावर पंचवीस वाटेकरी आहेत अशा गढीची डागडुजी कोणी करावयाची, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी अनुत्तरित राहिला.

पडक्या गढीचा नाश तीन मार्गांनी होतो. दगड नव्या बांधकामास जातात. पांढरी माती शेतात खत म्हणून अथवा धाब्यावर घालण्यासाठी गाड्या भरून नेली जाते. टेकाडाची कड कापली गेली की तिच्यात सर्व थर उघडे पडतात व पहिल्या दोन पावसाळ्यांत ढासळतात. तिसरा मार्ग गुप्तधनाचा. गढीत हंडा पुरला आहे, अशी आख्यायिका नसलेले गाव विरळा. तिच्यापायी रात्री खणलेले खड्डे नेमके माजघर, देवघर व बळद यांच्या जागी असतात, म्हणजे जेथून गृहजीवनाची माहिती मिळावयाची तेथेच. खड्डा खणणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही आणि थर मात्र कायमचा विस्कटतो. धान्याचे रिकामे पेव सापडले, की ते भुयार आहे व दूरच्या किल्ल्यापर्यंत जाते, असाही समज पसरतो. वस्तुतः अशा पेवाच्या तळाशी उरलेले जळके दाणे पाण्यात खळबळून तरंगवून घेतले, तर त्या गढीत ज्वारी, बाजरी, गहू यांपैकी काय साठविले जात होते, हे निश्चित सांगता येते.

कायद्याच्या दृष्टीनेही गढ्यांची स्थिती अडचणीची आहे. केंद्र व राज्य यांच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत किल्ले, लेणी व मंदिरे यांचा भरणा आहे. खाजगी मालकीच्या मातीच्या वास्तू तीत अपवादानेच दिसतात. शिवाय दगडी मंदिराप्रमाणे मातीची भिंत तशीच ठेवून जतन करता येत नाही. दर पावसाळ्यापूर्वी तिचा माथा लिंपावा लागतो. म्हणून जी गढी वाचविणे शक्य नाही तिची निदान मोजणी, आराखडा व छायाचित्रे करून ठेवणे आणि मोक्याच्या दोनतीन जागी चाचणी खड्डे घेणे, हा मार्ग अभ्यासक सुचवितात. स्वयंपाकघरामागील उकिरडा, आडाचा तळ व पेव या त्या जागा होत. दिवाणखान्याच्या जोत्यापेक्षा त्यांतून अधिक माहिती मिळते.

लेखी साधनांची जोड खानदेशात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले व लगोलग जानेवारी १९२७ मध्ये त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून व गढ्यांतून रुमाल गोळा केले. माळ्यावर, कोनाड्यात व बळदात पडलेले कागद त्यांनी वाचविले. ज्या घरांतून ते कागद आले, त्यांपैकी कित्येकांची आता जोतीही दिसत नाहीत. पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपुराकडून शिरपूर, शिंदखेड्याच्या दिशेने जाणाऱ्या प्रवाशाला गावाच्या मध्यभागी झुडपांनी वेढलेला एखादा पांढुरका उंचवटा अजूनही दिसतो. एका बाजूस बुरुजाचा अर्धा पडलेला भाग असतो व दुसऱ्या बाजूस ताज्या कुदळीच्या खुणा.